शोध लागला, शोध लावला

फर्दापूरजवळच्या फाट्यावर खासगी गाड्या थांबतात. पुढची चारेक किलोमीटरची वाट एसटी महामंडळाच्या बसने जायची. बसला रांग लागते, रांगेच्या आजूबाजूला रंगीत स्फटिक आणि गारगोट्या विकणारे फिरतात, आणि कोणीतरी आपल्या मुलाला विचारते, “सांग बरं, अजिंठा लेण्यांचा शोध कोणी लावला?” मुलाला उत्तर पाठ असते: जॉन स्मिथ, १८१९. शाळेच्या पुस्तकात, स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकात आणि दर वर्षी एप्रिल महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हेच उत्तर असते. २८ एप्रिल २०१९ रोजी या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही बातम्यांमध्ये हाच शब्द होता: शोध.

मात्र ज्या गावाच्या शिवारात ही लेणी आहेत त्याचे नाव अजिंठा नाही. अजिंठा हे घाटावरचे जुने तटबंदीचे गाव, लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटर दूर. नाव त्याचे लागले, कारण घाटाला, खिंडीला आणि नकाशाला तेच नाव ठाऊक होते. लेणी ज्या गावाच्या हद्दीत येतात ते सोयगाव तालुक्यातले गाव म्हणजे लेणापूर. ज्या गावाने लेण्यांवरूनच नाव घेतले, त्याच्या लेण्यांचा ‘शोध’ बाहेरून आलेल्या माणसाने कसा लावला, हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्यांना फारसा पडला नाही. तो का पडला नाही आणि त्या एका शब्दाच्या आड काय काय घडून गेले, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे.

शब्दाची घडण

‘शोध’ हा शब्द मराठीत एकटा चालत नाही, त्याला क्रियापद लागते. क्रियापद बदलले की माणसेही बदलतात. शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागेलच असे नाही, तो नुसता फिरतो, विचारतो, धुंडाळतो. शोध लागतो तेव्हा तो कोणामुळे लागला हे सांगण्याची गरज नसते: हरवलेल्या बैलाचा शोध लागला, चोरीचा शोध लागला. शोध लावतो तो मात्र कोणीतरी एक असतो. त्याला नाव असते, तारीख असते आणि पुढे कधीतरी पुतळाही असतो.

शब्दाच्या मुळाशी संस्कृतातला ‘शुध्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ शुद्ध होणे, निर्मळ होणे. वैद्य पारा शोधतो म्हणजे त्यातली घाण काढतो. छापून झालेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडतात तेही याच घराण्यातले. जुन्या मराठीत ‘शुद्धी’चा आणखी एक अर्थ होता: ठावठिकाणा, खबर. सीतेची शुद्धी लागली म्हणजे ती कुठे आहे हे कळले. म्हणजे साफ करणे, माग काढणे आणि वार्ता आणणे ही तिन्ही कामे एकाच मुळातून उगवली आहेत. बातमीदारीशी या शब्दाचे नाते छापखान्याहून जुने आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. या शेजारामुळे मराठी गद्याला एक नवे ओझे उचलावे लागले. युरोपात जे जे नवीन घडत होते त्याला मराठी शब्द हवा होता. वाफेच्या यंत्राची कल्पना कोणाला सुचली, अमेरिका खंडावर कोण पोहोचले, एखादा ताम्रपट कुठे सापडला, दरोडेखोरांचा माग कुठवर गेला, या सगळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखणीने हाताशी असलेला एकच शब्द वापरला. यंत्राचा शोध, अमेरिकेचा शोध, चोराचा शोध. जे आधी नव्हते ते घडवणे आणि जे आधीपासून होते ते पाहणे यांतली सीमा या शब्दात पुसली गेली. अमेरिकेत माणसे राहत होती, तरी तिचा शोध ‘लागला’ आणि तो कोलंबसाने ‘लावला’. लेण्यांच्या बाबतीत पुढे तेच झाले.

वाटेवरचे गाव

फर्दापूर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी आहे. औरंगाबादहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोगलांची वाट अजिंठ्याच्या घाटाने उतरून इथेच सपाटीला लागत असे. म्हणून इथे सराई उभी राहिली. मोठा दरवाजा, भोवती तट आणि आत वाटसरू, व्यापारी, स्वार आणि जनावरे यांच्यासाठी ओवऱ्या. खानदेशचा कापूस आणि दख्खनचे लष्कर या वाटेने वर-खाली होत राहिले. डोंगराच्या कुशीत वाघूर नदी नालाच्या आकाराचे वळण घेते, आणि त्या वळणाच्या सुमारे ७६ मीटर उंच कड्यात तीस लेणी कोरलेली आहेत. वाटेवरून ती दिसत नाहीत. नदीच्या पात्रातून आत शिरावे लागते किंवा समोरच्या टेकाडावर चढावे लागते.

ही लेणी दोन वेळा घडली. पहिला टप्पा ख्रिस्तपूर्व काळातला. क्रमांक दहाच्या चैत्याच्या दर्शनी भागावर प्राकृतात कोरले आहे की हे घरमुख वासिठीपुत कटहादी याचे दान आहे. दुसरा टप्पा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातला. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करवले, सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. पूर्वेकडच्या डोंगरात, अंधाऱ्या दरीत असलेल्या एका विहाराचे वर्णन त्याने लिहून ठेवले. बाहेर दगडी हत्ती आहेत आणि तो विहार ‘अचल’ नावाच्या अर्हताने बांधला, असे तो म्हणतो. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दोन दगडी हत्ती आजही आहेत आणि सव्विसाव्या लेण्यातल्या लेखात स्थविर अचल याचे नाव आहे.

पुढच्या शतकांत भिक्षू गेले, दान थांबले, दरी झाडांनी भरली. तरी ती ओसाड पडली नाही. डोंगरात भिल्लांची वस्ती होती, गुराखी पाण्यासाठी दरीत उतरत. काही लेण्यांच्या भिंती चुलींच्या धुराने काळ्या पडल्या होत्या, हे एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांनीच नोंदवले आहे. चूल पेटली होती म्हणजे माणूस तिथे राहत होता. त्याने भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी पाहिला असेल, त्याला आपल्या परीने काही नावही दिले असेल. ते कोणी लिहून घेतले नाही.

एप्रिल १८१९

मग १८१९ सालीच असे काय झाले? त्याचे उत्तर चित्रांत नाही, राजकारणात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच मुलखात असईला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला आणि जखमींना अजिंठ्याच्या गावात ठेवले. इंग्रज लष्कर लेण्यांपासून काही मैलांवर येऊन गेले, पण लढाईच्या धांदलीत दरीकडे कोणी वळले नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली. खानदेश कंपनीकडे आला, घाटावरचा प्रदेश निजामाकडे राहिला. अजिंठ्याचा डोंगर आता दोन राज्यांची सीमा झाला. युद्ध आटोपलेले, तुकड्या मुलखात पसरलेल्या, अधिकाऱ्यांच्या हाती मोकळा वेळ आणि बंदुका, आणि दरीत वाघ. अशा वेळी मद्रास फौजेचे काही अधिकारी इथे शिकारीला आले.

पुढची गोष्ट फर्दापुरात कोणीही सांगेल. समोरच्या टेकाडावरून एका साहेबाला झाडीत दगडी कमान दिसली. एक गुराखी पोरगा त्याला खाली घेऊन गेला. पलिते पेटवून ते आत शिरले. साहेबाने दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर आपले नाव, घोडदळाच्या तुकडीचा क्रमांक आणि तारीख कोरली: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९.

या गोष्टीतले जेवढे दगडावर आहे तेवढे पक्के, बाकीचे तोंडी चालत आलेले. दगडावर नाव आहे, पलटण आहे, तारीख आहे, पण क्रियापद नाही. ‘मी शोध लावला’ असे स्मिथने कुठे कोरलेले नाही. देवळाच्या भिंतीवर कोळशाने आपले नाव लिहून जाणाऱ्यापेक्षा त्याने वेगळे काही केले नव्हते. क्रियापद त्याला नंतरच्यांनी जोडले. आणि ज्या पोराने वाट दाखवली म्हणतात, त्याला गोष्टीत नावही नाही.

बातमी होते कशी

दरीतली लेणी बातमीत जायला आणखी काही वर्षे गेली. मुंबईच्या लिटररी सोसायटीत विल्यम अर्स्किन यांनी पश्चिम भारतातल्या बौद्ध अवशेषांवर निबंध लिहिला, त्यात मद्रासच्या अधिकाऱ्यांनी पाहिलेल्या या लेण्यांचा उल्लेख आला. १८२४ मध्ये लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर इथे आला. जाऊ नका, वाघ आहेत, भिल्ल आहेत, परत येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. त्याचा वृत्तांत काही वर्षांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. खानदेशात त्या वेळी भिल्लांचे बंड चालू होते आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने त्यांचीच पलटण उभारायला घेतली. त्यामुळे अशा वृत्तांतांत भिल्ल हा वाघासारखाच एक धोका म्हणून येतो. लेणी ‘सापडली’ असे म्हणायचे, तर त्यांच्या सावलीत राहणाऱ्यांना आधी माणसांच्या यादीतून बाजूला करावे लागले.

१८२८ मध्ये कॅप्टन ग्रेस्ली आणि राल्फ हे दोघे आले. त्याच सुमारास मुंबई सरकारच्या वतीने डॉ. जेम्स बर्डही आले होते. राल्फ यांच्या पत्रांवरून तयार झालेला मजकूर १८३६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. तो वाचताना आजही माणूस हरखतो, कारण त्यात विद्वत्तेचा आव नाही. हे पाहा, ते पाहा, हा चेहरा किती जिवंत, असा तो बोलल्यासारखा चालतो. त्याच मजकुरात तक्रारही आहे. सतराव्या लेण्यात ज्याला आज भवचक्र म्हणतात त्या चित्रातल्या चार आकृती, मनाई करूनही, डॉ. बर्ड यांनी भिंतीवरून सोलून काढल्या. शोध लागल्याला दहा वर्षे होत नाहीत तोच भिंतीचे तुकडे शोध लावणाऱ्यांच्या सामानात जाऊ लागले होते.

भिंतीवर जे लिहिले होते ते मात्र अजून कोणालाच वाचता येत नव्हते. १८३७ मध्ये कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा ही अक्षरे बोलू लागली. १८३९ मध्ये वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन आले. त्यांनी लेण्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमांक दिले. आपण आजही तेच क्रमांक वापरतो, म्हणून काळाने सर्वांत जुने असलेले लेणे ‘दहावे’ आहे. १८४३ मध्ये त्यांनी लंडनला निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला व्हाव्यात असा आग्रह धरला. कंपनीच्या संचालकांनी तो मानला.

नकलांची राख

१८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल यांची या कामावर नेमणूक झाली. अजिंठा गावातल्या बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे ते मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्रे उतरवत राहिले. नंतर त्यांनी कॅमेरा हाती घेतला. स्थानिक स्त्री पारो आणि गिल यांची कथा या भागात अजून सांगितली जाते. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिच्यावर २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे. शेजारच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य याच कथेवर लिहिले. गिल १८७९ मध्ये गेले, त्यांची कबर भुसावळला आहे.

त्यांची बहुतेक चित्रे मात्र त्यांच्या हयातीतच गेली. लंडनजवळ सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडलेली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि मोजक्या चार-पाच सोडून सगळी जळाली.

पुन्हा नकला करायच्या ठरल्या. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात इथे येत. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी मुंबईची तरुण मुले अंधारात, शिडीवर चढून, परावर्तित उजेडात रेषा न् रेषा उतरवत होती. सुमारे तीनशे चित्रे झाली. ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली आणि १२ जून १८८५ च्या आगीत त्यांतला बराच भाग जळाला. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानी चित्रकारांनी केलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नाहीशा झाल्या. या मुलखात अजिंठ्याच्या नकलांना शाप आहे असे म्हणतात. शाप असो नसो, एक गोष्ट खरी की लेणी आपल्या जागी राहिली आणि त्यांची सुरक्षित ठेवायला नेलेली रूपेच राख झाली.

भिंतींनाही याचा त्रास झालाच. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फासले गेले. काही काळ रंग उजळले, मग व्हार्निश पिवळे पडले, काळवंडले आणि त्यावर धूळ बसली. शोध लावणाऱ्यांच्या उत्साहाचा हा थर पुढे कित्येक दशके चित्रांवर बसून राहिला.

शोधकांची दुसरी पिढी

मराठी भाषेत याच काळात ‘शोध’ शब्द कात टाकत होता. १८६३ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड अजिंठ्याला आले. मुंबईतला हा नामवंत वैद्य रोग्याची नाडी सोडून लेण्यातल्या झिजलेल्या अक्षरांवर वाकला. त्यांनी लेखांचे ठसे घेतले, वाचन केले आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. विंध्यशक्तीपासूनचे वाकाटक घराणे सोळाव्या लेण्याच्या भिंतीवरून पुन्हा माणसांच्या बोलण्यात आले. भाऊ दाजींनी लेणी ‘शोधली’ असे कोणी म्हणत नाही. ती कोणाची हे मात्र त्यांनी शोधले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी पुरातत्त्वज्ञ बर्जेस यांच्यासोबत हे काम नेले, आणि विसाव्या शतकात नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी त्याच लेखाचे नव्याने संपादन करून वाकाटकांचा इतिहास उभा केला.

ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी अजिंठ्यात शिड्या लावत होते, त्याच सुमारास, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. इथे ‘शोधक’ म्हणजे नवी वस्तू हाती लागलेला माणूस नाही. जे डोळ्यांसमोर आहे, पण थरांखाली दडपले आहे, ते उघडे करणारा, असा त्याचा अर्थ आहे. या चळवळीचा आवाज म्हणून १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले. शब्दाचे जुने मूळ, म्हणजे निर्मळ करणे, फुल्यांनी पुन्हा जागे केले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि मंडळींनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेव्हा नुसता ‘शोध’ अपुरा वाटून ‘संशोधन’ पुढे आले. तेव्हापासून विद्वानाच्या वाट्याला संशोधन आले, पोलिसांच्या वाट्याला शोध, आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही ठेवले.

याच वर्षांत फर्दापूरला पुन्हा तंबू ठोकले गेले. १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आलेल्या इंग्रज चित्रकार लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांचा तळ इथे होता. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि व्यंकटप्पा आले, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहंमद फझलुद्दीन. निजाम सरकारने तळाची व्यवस्था केली. फर्दापूरहून सकाळी निघायचे, दिवसभर लेण्यात काम करायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे, असा क्रम. भगिनी निवेदिता येऊन गेल्या आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’त त्यांनी अजिंठ्यावर लिहिले. या लेखनाचा सूर वेगळा होता. स्मिथच्या मागून आलेल्यांना अजिंठा ‘सापडला’ होता, या मंडळींना तो आपला म्हणून ओळखू येत होता. बंगाली चित्रकलेच्या नव्या वळणात अजिंठ्याची रेषा शिरली ती फर्दापूरच्या या तंबूंतून. महाराष्ट्रात औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकारांना घेऊन आले, आणि अजिंठ्यावरचे त्यांचे पुस्तक १९३२ मध्ये निघाले.

क्रियापदाचे परिणाम

‘शोध लावला’ या दोन शब्दांनी काय साधले आणि काय बिघडवले, याचा हिशेब मांडायला हवा. साधले ते कमी नाही. बातमी झाली म्हणून फर्ग्युसन आले, फर्ग्युसन आले म्हणून सरकारला पैसा खर्च करावा लागला, आणि गिल व ग्रिफिथ्स यांच्या उरलेल्या चित्रांमुळे, गिल यांच्या छायाचित्रांमुळे, आज भिंतीवरून गळून गेलेला भागही आपल्याला पाहता येतो. १८१९ नंतर लेणी पुन्हा विस्मृतीत गेली नाहीत, ती १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली.

बिघडले ते हे की तारीख आणि नाव हातात आले आणि चौकशी थांबली. एका शिकाऱ्याच्या दुपारी सगळे उरकले असे वाटू लागले. ह्युएनत्संगाची दरी, कटहादीचे दान, चुलीचा धूर, वाट दाखवणारा पोरगा, लेणापूर हे नाव, ही सगळी ‘शोधा’च्या आधीची म्हणून इतिहासाच्या बाहेर उभी राहिली. ‘लेणे’ हा शब्दच पाहा. नाशिक, कार्ले, जुन्नर, कान्हेरी इथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत ‘लेण’ हाच शब्द दानाच्या वस्तूसाठी येतो. म्हणजे सातवाहनांच्या काळातला दाता आणि आज बकऱ्या हाकणारी लेणापूरची म्हातारी एकाच वस्तूला जवळजवळ एकाच नावाने ओळखतात. मधली शतके वस्तू हरवली असे म्हणायचे, तर तिचे नाव तरी हरवलेले नव्हते.

चित्रांच्या बाबतीत मात्र शब्दाने अखेर आपले मूळ गाठले. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांनी १९२० ते १९२२ या काळात लॉरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटू पाहणारे गिलाव्याचे थर भिंतीला धरून ठेवले, व्हार्निश काढले, आणि संरक्षणासाठी वर लाखेचे पाणी दिले. यझदानींचे अजिंठ्याचे चार खंड १९३० पासून १९५५ पर्यंत निघत राहिले. त्या दरम्यान संस्थान भारतात विलीन झाले आणि लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. चेक्कोनींची लाखही कालांतराने तांबूस झाली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी नवव्या आणि दहाव्या लेण्यातले हे थर कणाकणाने उतरवायला घेतले. काजळी, धूळ, लाख, व्हार्निश, वटवाघळांची घाण गेल्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे, पागोटी आणि हत्ती पुन्हा दिसू लागले. बातम्यांनी पुन्हा लिहिले: चित्रांचा शोध. या वेळी शब्द चुकला नव्हता. शोधणे म्हणजे साफ करणेच होते.

दहाव्या लेण्यात आज वाटाड्या बॅटरीचा झोत खांबावर टाकतो आणि स्मिथची सही दाखवतो. ती पाहायला मान वर करावी लागते, कारण ती उभ्या माणसाच्या हाताच्या बरीच वर आहे. पोरे विचारतात, साहेब एवढा उंच होता का? नव्हता. १८१९ मध्ये लेण्यात दगडमातीचा मोठा भराव साचला होता, त्यावर उभे राहून त्याने हात पोहोचेल तिथे नाव कोरले. पुढे आलेल्यांनी ती माती घमेल्या-घमेल्यांनी बाहेर काढली, तळची फरशी उघडी केली, खांब पायापर्यंत मोकळे केले. नाव कोरणाऱ्याची नोंद खांबावर आहे, माती उपसणाऱ्यांची कुठेच नाही. लेणे शोधले ते त्यांनी.